एका मनगटावर दोन गावांच्या वेळा

नवऱ्याला एखादा छंद असावा की नसावा, या प्रश्नावर कुठल्याही हळदीकुंकवात किंवा भिशीत आजवर एकमत झाल्याचं ऐकिवात नाही. पोस्टाची तिकिटं जमवणारा नवरा परवडला, जुनी नाणी जमवणाराही एकवेळ चालेल. पण जुनी घड्याळं, आणि त्यातही विमानाने देशोदेशी हिंडणाऱ्या बड्या मंडळींसाठी स्वित्झर्लंडमध्ये बनवलेली ती उंची 'प्रवासी' मनगटी घड्याळं जमवणारा नवरा म्हणजे काय चीज असते, हे ज्या घरात तो आहे त्या घरातल्या गृहिणीलाच ठाऊक! मनगट एक, घड्याळं सात, आणि तरी ऑफिसला निघताना "किती वाजले गं?" हा प्रश्न आपल्यालाच.

तेव्हा भगिनींनो, आजचा लेख अशा गृहिणींसाठी आहे. आणि ज्यांच्या कपाटात सासऱ्यांचं किंवा वडिलांचं एखादं बंद पडलेलं घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवलेलं आहे, त्यांच्यासाठी तर तो जास्तच आहे. या वेडात एवढं आहे तरी काय, त्यात किती पैसा आहे, किती फसवणूक आहे, आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, हे जरा सविस्तर पाहू या.

मुळात दागिना आपला!

पहिली गोष्ट ही की, मनगटी घड्याळ ही मूळची बायकांची वस्तू. नेपोलियनची बहीण कॅरोलाइन म्युरा ही नेपल्सची राणी होती. तिने १८१० साली ब्रेगे या प्रसिद्ध घड्याळजीकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं आणि १८१२ साली ते तयार झालं. पुढे १८६८ साली पातेक फिलिप या जिनिव्हाच्या पेढीने हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी कंकणासारखं घड्याळ केलं. पुरुष तेव्हा साखळी लावलेलं घड्याळ खिशात ठेवायचे आणि मनगटावर घड्याळ बांधणं त्यांना बायकी वाटायचं! १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हाताने खिशातलं घड्याळ काढणं जमेना, तेव्हा कुठे ते पुरुषांच्या मनगटावर चढलं. तेव्हा "तुला यातलं काय कळतंय?" असं कुणी म्हणालं, तर एवढं अवश्य ऐकवा.

गावोगावची वेळ वेगळी

आता प्रवासी घड्याळ म्हणजे काय? ज्यात एकाच वेळी दोन किंवा अधिक ठिकाणची वेळ दिसते ते. पण अशा घड्याळाची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापली असायची. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा वाजले. बैलगाडीच्या प्रवासात याने काही बिघडत नव्हतं, पण आगगाड्या धावू लागल्या आणि वेळापत्रक कुठल्या गावाच्या वेळेने छापायचं ही पंचाईत झाली. १८८४ साली वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि लंडनजवळच्या ग्रिनिचची रेषा मूळ धरावी असं ठरलं. त्या ग्रिनिचची अचूक वेळ लंडनच्या दुकानदारांना पुरवण्याचा धंदा बेलव्हिल नावाचं एक कुटुंब करीत असे. वडिलांमागे आईने आणि आईमागे रूथ या मुलीने तो चालवला. ग्रिनिचला जाऊन आपलं घड्याळ लावून घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन ते दाखवायचं. १९४० सालापर्यंत या बाई अशी वेळ विकत होत्या! आपल्याकडे दूध, भाजी दारावर येते, तिकडे वेळ यायची.

आपल्याकडचा गोंधळ तर याहून गमतीचा. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची एकच प्रमाणवेळ आणली, पण मुंबईकर बधले नाहीत. त्यांचा 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे राहिला आणि १९५५ पर्यंत तो वापरात होता. जुन्या लग्नपत्रिकांमध्ये मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरं दिसतात ना, ती याचसाठी. नाहीतर निम्मी वऱ्हाडी मंडळी मंगलाष्टकं संपल्यावर यायची!

कारूझचा कारागीर

जिनिव्हाला लागून कारूझ नावाचं गाव आहे. तिथे लुई कोतिए नावाचा एक कारागीर होता. त्याने १९३१ साली सगळ्या जगाची वेळ एकाच तबकडीवर दाखवण्याची युक्ती काढली. युक्ती ऐकायला सोपी आहे. मध्ये नेहमीचे काटे. त्यांच्याभोवती चोवीस तासांचं एक कडं, दिवसाचे तास उजळ आणि रात्रीचे गडद. हे कडं दिवसातून एकदा आपोआप फिरतं. त्याच्या बाहेर लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशी शहरांची नावं. आपलं शहर बारावर आणून ठेवायचं, की बाकीच्या प्रत्येक नावासमोर तिथला तास दिसतो. टोकियोत मध्यरात्र आहे की सकाळ, हे एका नजरेत कळतं.

१९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पातेक फिलिपने ही युक्ती मनगटी घड्याळात आणली. यातल्या काही तबकड्यांवर मीनाकारी केलेली असे. आपल्याकडच्या मीनाकाम केलेल्या दागिन्यात रंग भरतात तसंच, पण सोन्याच्या केसाएवढ्या तारेने नकाशाची आकृती करायची, तिच्या कप्प्यांत रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत पुन्हापुन्हा भाजायची. एक तडा गेला की सगळं काम वाया. नाण्याएवढ्या जागेत निळा समुद्र आणि हिरवे खंड! आपण रुखवतात तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिलेलं कौतुकाने पाहतो, तर या कामाचं काय होत असेल?

किंमत विचारताय? बसून ऐका. या जातीचं प्लॅटिनमचं एक घड्याळ २००२ साली जिनिव्हाच्या लिलावात ६६ लाख स्विस फ्रँकला गेलं. तोपर्यंत कुठल्याही मनगटी घड्याळाला लिलावात एवढी रक्कम आली नव्हती. २०१९ साली हाँगकाँगला निळ्या मीनाकामाचं दुसरं एक घड्याळ सात कोटी हाँगकाँग डॉलरवर गेलं.

आणि गंमत पाहा. एवढ्या देखण्या यंत्रात आपल्या भारताची वेळ मात्र नीट बसत नाही! कडं पूर्ण तासांचं आणि आपली वेळ साडेपाच तासांची. जुन्या काही तबकड्यांवर मुंबई किंवा कलकत्ता हे नाव असतं, पण खरा तास दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. २०११ साली व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन या जुन्या पेढीने सदतीस वेळा दाखवणारं घड्याळ काढलं, त्यात आपल्यासारख्या अर्ध्या तासाच्या देशांनाही जागा मिळाली.

वैमानिकांच्या हातावर

कोतिएची घड्याळं राजेरजवाड्यांची आणि पेढीवाल्यांची. पण विमानं वाढली तशी कामाची घड्याळंही निघाली. यातल्या एकाचा जन्म तर कलकत्त्याच्या वाटेवर झाला. १९५३ साली ग्लायसीन या स्विस कंपनीचा एक अधिकारी बँकॉकहून कलकत्त्याला विमानाने येत होता. वैमानिकाशी गप्पा मारताना वैमानिकांना कसलं घड्याळ हवं ते त्याने विचारून घेतलं आणि तसं कंपनीला कळवलं. त्यातून 'एअरमन' हे घड्याळ निघालं. त्याच्या तबकडीवर बाराऐवजी चोवीस तास आहेत.

त्यानंतर १९५५ साली रोलेक्सचं 'जीएमटी मास्टर' आलं, पॅन अॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांना डोळ्यांसमोर ठेवून. यात नेहमीच्या काट्यांबरोबर एक चौथा काटा असतो. तासकाटा दिवसातून दोन फेऱ्या मारतो, हा एकच. भोवतालच्या फिरत्या कड्यावर चोवीस तासांच्या खुणा, दिवसाची बाजू लाल आणि रात्रीची निळी. सुरुवातीच्या घड्याळांत हा चौथा काटा तासकाट्याशी जखडलेला होता, दुसऱ्या गावची वेळ हवी तर कडं फिरवावं लागे. १९८० च्या दशकात तासकाटा वेगळा फिरवायची सोय झाली. पॅन अॅम कंपनी १९९१ साली बंद पडली, पण तिच्या वैमानिकांचं घड्याळ अजून लोक शोधत हिंडतात. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात हे घड्याळ एका बाईच्या मनगटावर आहे, आणि ती बाई वैमानिक आहे, हेही लक्षात असू द्या.

मार्लन ब्रँडो या नटाचा किस्सा तर संग्राहक मोठ्या चवीने सांगतात. 'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९ च्या चित्रपटाच्या वेळी त्याच्या हातात स्वतःचं हे घड्याळ होतं. ते पडद्यावर नजरेत भरेल, काढून ठेवा, असं सांगितलं गेलं. पठ्ठ्याने घड्याळाचं रंगीत कडंच उपटून टाकलं आणि उरलेलं हातात घालून काम केलं! मागे स्वतःचं नाव स्वतःच कोरलेलं. बाजारात नेलं असतं तर "मोडकं आहे" म्हणून कुणीही नाक मुरडलं असतं. २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला साडेएकोणीस लाख डॉलर मिळाले.

मग मोह कशाचा?

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलवर सगळ्या जगाची वेळ फुकट दिसते, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण दिवे आले म्हणून आपण समई मोडीत काढली नाही आणि मिक्सर आला म्हणून आईचा पाटा-वरवंटा टाकवत नाही.

या घड्याळांत बॅटरी नाही. सकाळी किल्ली द्यायची, किंवा हाताच्या हालचालीने ती आपोआप भरते. आत शंभराहून अधिक भाग, काही तर तिळापेक्षा लहान, आणि ते पन्नास-साठ वर्षं टिकटिक करतात. दुसरा मोह त्यांच्या प्रवासाचा. १९४८ साली जून महिन्याच्या ८ तारखेला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा अशी वस्ती-वस्ती करीत गेलं. त्या काळी परदेशी जाणं म्हणजे सगळं गाव हार घेऊन स्टेशनवर लोटायचं! त्या काळातल्या माणसाच्या हातावरचं घड्याळ म्हणजे त्याच्या सगळ्या जाण्यायेण्याचा मुका साक्षीदार.

आणि या दोन काट्यांमध्ये एक मेख आहे. घड्याळ परदेशी जाणाऱ्यासाठी बनवलं. पण त्यातला दुसरा काटा घराची वेळ दाखवतो. आज अशा दोन वेळांचा हिशेब सगळ्यात जास्त कोण ठेवतं? सांगली-साताऱ्याला, अकोल्याला बसलेली आई! लेक न्यू जर्सीला, मुलगा दुबईला. "आता तिकडे रात्रीचे दोन असतील, नको उठवायला," हे गणित तिच्या डोक्यात चोवीस तास चालू असतं, आणि तिच्यासाठी कुठल्याही पेढीने घड्याळ काढलेलं नाही.

तिच्यासाठी एक युक्ती

म्हणून ही फुकटातली युक्ती घ्या. मुलगा इंग्लंडमध्ये असेल तर आपलं साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, बाराची बाजू खाली आणि सहाची वर. दिसेल ती साधारण इंग्लंडची वेळ! आपले सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली असतील, तर उलट्या घड्याळात पहाटेचे चार चाळीस दिसतील. कारण सरळ आहे: तासकाटा सहा तास सरकतो आणि मिनिटकाटा अर्धा तास, मिळून बरोबर साडेपाच तासांचा फरक. हे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत लागू. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा दिसेल त्यात एक तास मिळवायचा.

न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. दुबई बारा महिने दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

चमकणारे काटे

अंधारात चमकणाऱ्या घड्याळाला आपण सरसकट 'रेडियमचं घड्याळ' म्हणतो. जुन्या घड्याळांत ते खरोखरच रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात १९१७ पासून कोवळ्या मुली हा रंग तबकड्यांवर भरीत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. पुढे त्यांचे जबडे सडले, हाडं ठिसूळ झाली, कित्येक जणी गेल्या. त्यांच्यातल्या पाच जणींनी १९२७ साली कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९२८ साली तडजोड होऊन भरपाई मिळवली. कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्यांना या मुलींच्या लढ्याने बळ मिळालं. सुंदर वस्तूच्या मागे कुणाचे हात होते, हेही आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं.

घरासाठी यातला धडा असा: रेडियमची चमक काही वर्षांत जाते, पण त्याचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. बंद घड्याळ हाताळायला हरकत नाही, पण १९६० च्या दशकापर्यंतचं चमकत्या काट्यांचं घड्याळ घरी उघडू नका, काट्यांवरचा रंग खरवडू नका, आणि मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नका.

कपाटातलं घड्याळ

आता आपल्या घरात वळू. तुमच्याकडे कोट्यवधींचं घड्याळ निघेल, अशी आशा मी लावत नाही. पण फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड अशी स्विस घड्याळं मुंबईत कित्येक पिढ्या विकली गेली. शिवाय आपलं एचएमटी! १९६१ पासून बंगळूरला बनलेली 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही घड्याळं किती जावयांच्या मनगटावर चढली असतील! २०१६ साली हा घड्याळ कारखाना बंद करायचा निर्णय झाला आणि आता त्या घड्याळांचेही शौकीन तयार झाले आहेत. नवऱ्याला छंद करायचाच असेल तर तिथून सुरुवात करू दे, खिशाला सोसेल.

काही गोष्टी मात्र सांभाळा.

घासूपुसू नका. तांब्यापितळेला चिंच लावून लख्ख करायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या मूळ तबकडीत आणि मूळ कडांत असते. पिवळी पडलेली तबकडी नवी रंगवली की संग्राहकाच्या लेखी घड्याळ उतरलं. "तबकडी नवी करून देतो" असं दुकानदार म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा.

बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली देऊन पाहू नका. आतलं तेल सुकलेलं असतं, चाकं घासतात. आधी जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्या. बदललेले भाग परत मागून घ्या, तेही डबीत जपा.

तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख फिरवू नका. त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात.

पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा, नाहीतर बुरशी येते. स्पीकर, मोबाइल, लोहचुंबकाच्या बटणाची पर्स यांच्याजवळ घड्याळ ठेवू नका. चुंबकत्व शिरलं की ते पुढे पळू लागतं.

आणि विकत घेताना? परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे. दुर्दैवाने तो कौतुकाचा नाही. आपल्याकडे तबकडी भडक रंगात नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात घालून विकलेल्या घड्याळाला ते असं म्हणतात. हातावर बांधायला हौसेने घेतलं तर ठीक, पण 'अस्सल जुनं' म्हणून त्याचे पैसे मोजू नका. मागचं झाकण उघडून दाखवत नसेल, पावती देत नसेल, तर तो व्यवहार तिथेच सोडा.

हा छंद म्हणजे गुंतवणूक, असं नवरोजी पटवू लागले तर त्यांना सांगा की २०२२ च्या सुरुवातीला जुन्या रोलेक्सचे बाजारभाव आभाळाला टेकले होते, आणि पुढे चांगलेच उतरले. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. तेव्हा मुदत ठेव ती मुदत ठेव, आणि छंद तो छंद. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि तेवढीच रक्कम आपल्याही एखाद्या हौशीसाठी बाजूला काढा. बघा, निम्मे वाद तिथेच मिटतील!

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरात दागिने सुनेला-लेकीला आणि घड्याळ मुलाला, अशी वाटणी न बोलताच होते. वडिलांचं घड्याळ लेकीला का मिळू नये? तिच्या मनगटावर ते मोठं होईल, एवढंच ना? पट्ट्याला एक भोक जास्त पाडता येतं. आणि ते कुणालाही द्या, पण एक कागद जरूर लिहा. घड्याळ कुणाचं, कुठल्या साली घेतलं, पहिल्या पगारातून की लग्नात मिळालेलं, ते घालून माणूस कुठे कुठे गेला. कोऱ्या कागदावर चार ओळी, खाली तारीख, आणि कागद घड्याळाच्या डबीत. लिलावात ब्रँडोच्या घड्याळाला किंमत आली ती त्याच्या मागे नाव होतं म्हणून. आपल्या माणसांची नावं आपणच नाही लिहिली, तर दुसरं कोण लिहिणार?